चिंचेनं घासलेला आरसा

शास्त्रज्ञांच्या गोष्टी बहुतेक करून चांदण्या रात्रीपासून सुरू होतात. रिता साकुरेची तशी होत नाही, त्याला इलाज नाही. तिचं लहानपण भंडारा शहरात, बाजारामागच्या पितळेच्या गल्लीत गेलं. त्या गल्लीत विजेच्या तारा, टिनाचे पत्रे आणि दुकानांच्या पाट्या यांच्यामधून जे काय उरेल तेवढंच आभाळ. मामाच्या गावी करडीला उन्हाळ्यात सगळे अंगणात खाटा टाकून झोपत, आणि तिथे डोक्यावर ढीगभर चांदण्या असत. पण रिता चादर तोंडावरून ओढून घ्यायची. सेवकराममामाने तिला सांगून ठेवलं होतं, की तुटलेला तारा थेट उघड्या तोंडात पडतो. मामा थापाड्या होता हे तिला कळेपर्यंत ती नववीत गेली होती.

तर तिची सुरुवात झाली परातीपासून.

रिताच्या वडिलांचं, बाबूलालचं, पुढे भांड्यांचं दुकान, मागे कारखाना आणि वर घर. मागे कारागीर गुंड, गडवे, पराती ठोकायचे, चरकावर फिरवून चकचकीत करायचे, आणि तयार माल दुकानासमोर उन्हात मांडला जायचा. दुसरीत असताना एका सकाळी रिताने त्यातली एक उथळ परात उचलून जरा तिरकी केली. समोरच्या कापड दुकानाच्या भिंतीवर उजेडाचा भला मोठा कवडसा नाचायला लागला. तिने परात पुढे-मागे करून पाहिली. कवडसा लहान होत होत लिंबाएवढा झाला आणि शकुनबाईंच्या दुकानाबाहेर टांगलेल्या नव्या पडद्याच्या कापडातून धूर निघाला.

शकुनबाई ओरडत रस्ता ओलांडून आल्या. रिताची आई रत्नाबाई वरून धावत आली आणि तिने आधी पोरीच्या पाठीत धपाटा घातला, मग काय झालं ते विचारलं. बाबूलालने मात्र ती परात उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "गोलाई गजब जमली हो या परातीची!" रिताने पाठ चोळत चोळत एक गोष्ट मनात पक्की धरली, की ऊन गोळा करता येतं.

बाबूलालविषयी एक सांगून ठेवायला हवं. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, अशी त्याची गल्लीभर ख्याती होती. त्याला सकाळी सांगितलेलं दुपारच्या चहापर्यंत पार खामतलावाच्या वस्तीत पोचायचं. बायका आपसात बोलताना तो आला तर विषय बदलायच्या, आणि तो हसत म्हणायचा, "बदला, बदला, संध्याकाळी समजनच मले." रत्नाबाई याच्या उलट. बोलणं मोजकं, हात अखंड चालू. तिच्या घरात काळं पडलेलं भांडं कुणी दाखवावं आणि बक्षीस न्यावं.

रिता बी.एस्सी.ला भंडाऱ्याच्याच कॉलेजात गेली आणि तिथल्या सरांच्या नादाने दर रविवारी नागपूरच्या आकाश पाहणाऱ्या हौशी मंडळींकडे जायला लागली. ही मंडळी स्वतःच्या दुर्बिणी स्वतः बनवत. त्यातला आरसा काच घासून करतात हे ऐकल्यावर रिताला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. घासणं! तेच तर तिच्या घरात सकाळ-संध्याकाळ चालायचं.

वीतभर रुंदीची जाड काच तिने घरी आणली. कारखान्यात एक ड्रम उलटा घातला, त्यावर दुसरी काच बसवली, मधे पाणी आणि खरखरीत पूड टाकून वरची काच खालच्या काचेवर घासायला सुरुवात केली. पुढे-मागे, पुढे-मागे, मग ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं, की पुन्हा तेच. अशाने वरची काच हळूहळू मधे खोल होत जाते. बाबूलाल येता-जाता थांबायचा.

"काच काचेले घासून राहिली तू? आन हे किती दिवस?"

"पावसाळाभर, बाबा."

"येवढ्यात त मी गावच्या लग्नाची भांडी काढून देल्ली असती."

पण म्हणता म्हणता त्यालाही छंद लागला. दुर्बिणीची नळी धरायला त्याने पितळेचा पाया ओतून दिला. तो इतका जड झाला की दुर्बीण हलवायला दोन माणसं लागायची. हलकी असावी असं रिताने सुचवून पाहिलं. त्यावर बाबूलालने फक्त "हलकी चीज माह्या दुकानातून बाहेर जात नसते," एवढंच उत्तर दिलं.

त्याच पावसाळ्यात पुण्याच्या एका मोठ्या संस्थेची बातमी आली. स्वतः दुर्बीण बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना ती दिवाळीनंतर बोलावणार होती. दुर्बीण दाखवायची, तिच्यातून केलेलं काम दाखवायचं. ज्यांची निवड होईल त्यांना उन्हाळ्यात तिथे शिकायला मिळणार आणि पुढे एम.एस्सी.ची वाट मोकळी होणार. आणि त्याच पावसाळ्यात तुमसरहून एक स्थळही आलं. मुलाची राईस मिल, माणसं चांगली, घाई मात्र फार.

बाबूलालने पोरीला दुकानाच्या गादीवर समोर बसवलं.

"हे पाय रिता, मी जबरदस्ती करणारा बाप नाही. पन त्या मंडळीले किती दिवस लटकवून ठेवू? तुही पुण्याले निवड झाली, त शिक बाप्पा, लागल तेवढं शिक. नाही झाली, त बी.एड. कर आन तुमसरले होकार देऊ. पटते काय?"

रिताला पटलं नाही, पण दुसरं काही हातात नव्हतं. "पटलं," ती म्हणाली. वर जाऊन बराच वेळ खिडकीत बसली. मुलगा वाईट नव्हता, तुमसर दूर नव्हतं; पण आपण अजून काही पाहिलंच नाही आणि त्याआधीच आपली खिडकी बंद होणार, असं तिला वाटलं. तिचं सगळं भवितव्य आता त्या वीतभर काचेवर होतं.

मग तिने त्या काचेवर जीव ओतला. खरखरीत पुडीनंतर बारीक, त्यानंतर त्याहून बारीक, शेवटी राळेच्या थरावर गुलाबी पूड लावून झिलई. आरसा तयार झाल्यावर त्यावर चमक चढवायला मुंबईला पाठवला. तिथे काचेवर ॲल्युमिनियमचा मुलामा देतात, केसाहून शेकडो पटींनी पातळ. बोट लागलं तरी डाग पडतो. दसऱ्यानंतर आरसा परत आला तेव्हा त्यात रिताचं तोंड असं लख्ख दिसलं की तिने चटकन वेणी नीट केली. आठवडाभर तिने गच्चीवरून गुरू पाहिला, चंद्र पाहिला, चित्रं काढली. कारखान्यात धूळ फार, म्हणून आरसा एका डब्यात घालून तिने स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवला. डब्यात थोडी ओल राहून गेली, तिच्या लक्षात आलं नाही.

आणि दिवाळी आली.

पितळेच्या गल्लीतली दिवाळी म्हणजे आधी घासाघाशी, मग फराळ. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घरातलं प्रत्येक भांडं अंगणात निघतं. चिंच भिजवलेली, राख वस्त्रगाळ केलेली, आणि रत्नाबाई पदर खोचून मधे बसलेली. त्या दिवशी रिता झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली होती. परत आली तेव्हा अंगणभर सोनं पसरलं होतं. गुंड, घंगाळ, समया, पळ्या, सगळं उन्हात झळकत होतं. आणि त्या रांगेच्या शेवटी, तुळशीच्या ओट्याला टेकून, एक गोल काच उभी होती. तिच्यातून पलीकडच्या विटा दिसत होत्या.

रिताच्या हातातली फुलं तशीच राहिली.

"आली काय?" रत्नाबाई कपाळावरचा घाम पुसत कौतुकाने म्हणाली. "तुही थे आरशी पाय. फळीवर ठेवून देल्ली तशीच! कलई पार खराब होऊन गेल्ती, ठिपके ठिपके पडले होते. चिंच लावली, राखेनं घासली, सारी जुनी कलई काढून टाकली. आता तुह्या बाबांले म्हण, नवी चढवून देतील."

यात तिचं काही चुकलं नव्हतं. पितळेच्या भांड्याला आतून कलई असते. ती डागाळली की जुनी घासून काढायची आणि नवी चढवायची, हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दुसऱ्या कुठल्या आईने आरसा पुसला असता, फोडला असता, लपवला असता. त्याची कलई काढून ठेवण्याची बुद्धी फक्त पितळेच्या गल्लीतल्या बाईलाच व्हायची. आणि काम असं चोख, की काचेवर एक ओरखडा नाही.

रिताने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आईच्या मागे, कारखान्याच्या दारात, बाबूलाल दिसला. त्याला सगळं समजलं होतं. त्याने पोरीकडे पाहून दोन्ही हात जोडले.

"छान निघालं, आई," रिता म्हणाली.

मग ती कारखान्यातल्या भट्टीमागे गेली आणि ओढणी तोंडात कोंबून रडली. दिवाळीत मुंबईचं काम बंद. नवा मुलामा चढून यायला महिना तरी जाणार, आणि पुणे आठवड्यावर आलेलं. बाबूलाल हळूच येऊन शेजारी बसला. त्याचाही चेहरा पडला होता.

"आईले सांगू नोको, बेटा. आज लक्ष्मीपूजन आहे. तिले समजलं त वर्षभर तिच्या घशाखाली घास उतरनार नाही."

"मी नाही सांगत. पन तुमच्या पोटात राहीन काय?"

बाबूलालने भट्टीवर हात ठेवून शपथ घेतली. रिताला रडता रडता हसू आलं, कारण या शपथेवर गल्लीतलं कुत्रंही विसंबलं नसतं.

संध्याकाळी दिवे लावताना रत्नाबाईने पोरीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं. तिच्या ताटात एक अनारसा जास्तीचा ठेवला. नंतर पूजेची आरती हातात घेऊन ती दुकानाच्या दाराशी बाबूलालशी बराच वेळ कुजबुजत उभी होती. प्रसादाचं काही असेल, असं रिताला वाटलं.

पाडव्याच्या सकाळी रिता रागातच उठली. राग कुणावर हे तिला नीट सांगता आलं नसतं. चकाकी नसलेला आरसाही थोडासा उजेड फेकतो. शंभरातले चार भाग. ताऱ्यांना तो पुरत नाही. पण उजेडाची जिथे मुळी कमतरताच नाही, असं आभाळात काय आहे? तिने आरसा नळीत परत बसवला, दातओठ खात दुर्बीण दुकानासमोर ओढली आणि सरळ सूर्याकडे वळवली. चकाकीचा आरसा असता तर हे करण्याची हिंमत झाली नसती. सगळं ऊन गोळा होऊन डोळ्याकडचं भिंगच तडकलं असतं. पडद्याचा धूर ती विसरली नव्हती. आणि असल्या दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, डोळा जातो, हेही ती जाणून होती. तिने भिंगासमोर एका जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद धरला.

कागदावर सूर्य उतरला. बशीएवढा, काठ स्वच्छ कापलेला. आणि त्याच्या खालच्या बाजूला एक मोठा काळा डाग.

"राख राहिली वाटते," मागून बाबूलाल म्हणाला.

रितालाही तेच वाटलं. तिने आरसा जागच्या जागी अर्धा फिरवला. राख आरशावर असती तर डागही फिरला असता. तो फिरला नाही. तिने भिंग फिरवलं, डाग तिथेच. तेव्हा ती ओरडली.

"बाबा, हा डाग सूर्यावर आहे!"

बाबूलालने कागदाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहायला मान वर केली, रिताने ती खाली दाबली. तो म्हणाला, "म्हंजे सूर्याले बी घासाच लागते!"

त्या वर्षी दिवाळीत सूर्यावर खरोखरच मोठाच्या मोठा डाग आला होता. आपली आख्खी पृथ्वी त्यात सहज मावली असती. गल्लीला नवी करमणूक मिळाली. शकुनबाई पहिल्या आल्या आणि पडद्याची आठवण करून देऊन मगच त्यांनी पाहिलं. रत्नाबाईने सूर्यनारायणाला आधी नमस्कार केला, नंतर कागदावरचा डाग बोटाने पुसून पाहिला. तो निघेना, तेव्हा ती नाराज झाली. बाबूलाल लांब उभा राहून फोनवर कुणाशी तरी हातवारे करत बोलत होता.

रिता रोज सकाळी त्याच वेळी कागद धरून डाग उतरवत गेली. भाऊबीजेपर्यंत तो चक्क सरकला होता. सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आता तो तिच्या हाताखाली, कॅलेंडरच्या पाठीवर फिरत होता. ती इतकी आनंदली की तुमसर, बी.एड., पुणे सगळं घटकाभर विसरली.

पुण्याला ती बाबूलालबरोबर गेली. दुर्बिणीचा पितळी पाया भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या स्टेशनावर गाडीत चढवताना हमाल म्हणाला, "तोफ आहे काय?" संस्थेत पोचल्यावर मात्र रिता बिचकली. मोठमोठ्या शहरांतली मुलं आली होती. कुणी शनीच्या कड्यांचे फोटो आणले होते, कुणी कुठल्याशा तेजोमेघाचे. रिताकडे कॅलेंडरचे सहा कागद होते, आणि त्यांच्या पुढच्या बाजूला एका खतवाल्याची जाहिरात.

तिघेजण परीक्षक होते. त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी दुर्बिणीत वाकून पाहिलं आणि त्या चमकल्या.

"आरशाला मुलामा नाही? तू मुद्दाम बिनमुलाम्याचा ठेवलास? सूर्यासाठी?"

उत्तर समोर वाढून ठेवलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. केवढी हुशार मुलगी, असं सगळ्यांना वाटलं असतं. रिताने एकदा दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर बाबूलाल टोपी कुरवाळत बसला होता.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "दिवाळीत आईने चिंचेने घासला. तिला वाटलं, कलई आहे."

तिघेही असे हसले की बाहेरून शिपाई डोकावला. बाईंनी डोळे पुसले.

"बरं, आईने घासला. मग तू काय केलंस?"

मग रिताने सहाच्या सहा कागद टेबलावर एका ओळीत मांडले आणि सांगायला लागली. आरसा फिरवून पाहिल्याचं सांगितलं, भिंग फिरवल्याचं सांगितलं. बाई आता हसत नव्हत्या. त्या एकेका कागदावर बोट ठेवून डागामागे चालल्या होत्या.

निवड झाली. कळलं तेव्हा बाबूलालने संस्थेच्या फाटकातच पेढे वाटले. आधीच घेऊन ठेवले होते, लेकाचा! रिताला वाटलं, सुटले. घरी परतल्यावर तुमसरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, आणि बाबांनी शब्द पाळला म्हणून तिला बापाचा फार अभिमान वाटला.

पुढचं सरळ आहे, म्हणजे सांगायला सरळ. पुण्यात एम.एस्सी., मग सूर्यावरच्या डागांवर पीएच.डी., त्यात दोनदा सगळं सोडून द्यावंसं वाटणं, आणि आता दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत नोकरी. ताऱ्यांवर काम करणारे रात्री जागतात. रिता सकाळी उठून सूर्याच्या पाठी लागते आणि रात्री नीट झोपते. भंडाऱ्यात अजूनही कुणी ना कुणी तिच्यापुढे पोराची पत्रिका धरतं. पूर्वी ती चिडायची. आता ती म्हणते, "माझ्याकडे फक्त रवी आहे, बाकीचे ग्रह दुसऱ्या ऑफिसात."

आणि रत्नाबाई? ती दहा वर्षं एकच गोष्ट सांगत आली. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत. "रिताची दुर्बीण मीच घासून देल्ली होती. अशी लख्ख करून देल्ली, की सीधी पुण्याले पास झाली." हे ऐकलं की बाबूलाल आणि रिता एकमेकांकडे पाहायचे नाहीत. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. बाबूलालच्या पोटात ती गोष्ट खरंच राहिली, हे गल्लीतलं मोठंच आश्चर्य होतं. फक्त गल्लीला ते माहीत नव्हतं.

यंदा रिता मेच्या शेवटी घरी आली, ऐन नवतप्यात. वर्षातले हे सगळ्यात तापलेले नऊ दिवस; भंडाऱ्यात या दिवसांत दुपारी रस्त्यावर कावळाही दिसत नाही. पण याच सुमाराला एक दिवस सूर्य इथल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. रिताने ते गल्लीतल्या पोरांना दाखवायचं ठरवलं. पोरांबरोबर त्यांच्या आया आल्या, आयांबरोबर सासवा. सगळ्यांनी डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळलेले. दुकानासमोर फळीवर एक पितळी गडवा ठेवला होता, आणि बाजूला ती जुनी दुर्बीण, तशीच, बिनमुलाम्याची.

बारा वाजून गेले. गडव्याची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाखाली गेली. पोरं ओरडली. प्रत्येकाला आपापली सावली पायाखाली शोधायची होती. शकुनबाईंनी छत्री उघडून तिचीही पाहिली. मग त्यांना दुर्बिणीची आठवण झाली.

"हेच न थे, रत्नाबाईनं घासून देल्लं?"

"हेच," रिता म्हणाली. आनंदाच्या भरात, उन्हाच्या तावात, तिच्या तोंडून पुढचंही निघून गेलं. आरशावर मुलामा होता, आईने तो काढला, तो नसल्यामुळेच ती सूर्याकडे वळली. "आईनं घासलं नसतं तर मी सूर्य पाहिलाच नसता."

बाया टाळ्या वाजवून हसल्या. रिताने आईकडे पाहिलं आणि तिची जीभ चावली गेली. पण रत्नाबाई ताठ उभी होती. "मंग!" ती सगळ्यांना म्हणाली. "दोनी हातानं घासली होती मी. नुसतं पुसून काय होते?" आणि पदर सावरून आत गेली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर रत्नाबाई मागच्या अंगणात चिंचा फोडत बसली. उन्हाळ्याचं ते कामच. रिता तिच्याजवळ जाऊन बसली. तीही चिंचोके काढून टोपलीत टाकायला लागली.

"म्हंजे मी तुही आरशी खराब केली होती," रत्नाबाई खाली पाहत म्हणाली.

"आई, तसं नाही..."

"त्या दिवशी तू भट्टीमागं रडून राहिली होती, थे त्याच्या पायी?"

रिता चमकली. "तुले माहीत होतं?"

"घर केवढं आहे व? आयकू नाही येत काय?" रत्नाबाईने हातातली चिंच खाली ठेवली. "मले वाटलं, तुमसरच्या पोराच्या पायी रडते. म्हटलं, पोरीले थे घर नोको आहे, पन बापाच्या धाकानं बोलून नाही राहिली. त्याच सांजेले आरती हातात धरून तुह्या बाबांले सांगितलं, की पाडव्याले त्या मंडळीले नाही म्हणून कळवून टाका. पुण्याचं होवो का नाही होवो, पोरगी जेवढं म्हनन तेवढं शिकन."

रिताला पाडव्याची सकाळ आठवली. लांब उभा राहून फोनवर हातवारे करणारा बाबूलाल. आधीच घेऊन ठेवलेले पेढे.

"म्हणजे पुण्याला माझी निवड झाली नसती, तरी..."

"तरी तू गेलीच असती. मी धाडलीच असती."

"मग मले काहून नाही सांगितलं? मी किती घाबरली होती, आई! रात्र रात्र झोप नव्हती मले."

"सांगितलं असतं त ढिली पडली असती तू," रत्नाबाई म्हणाली.

दुकानातून बाबूलालचा आवाज आला. तो केव्हापासून ऐकत होता कोण जाणे. "एकीनं म्हटलं, तिले सांगू नोका. दुसरीले मीच म्हटलं, हिले सांगू नोको. दहा वरसं माह्या पोटात दोन दोन गोष्टी, आन गल्ली म्हणते, बाबूलालच्या पोटात काही राहत नाही!"

रिता हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आपण त्या वीतभर काचेवर तरलो. पुण्याच्या टेबलावर ती कागद मांडत होती, तेव्हा तिची वाट मोकळी होऊन आठवडा झाला होता, आणि ती मोकळी करणारी बाई इथे घरी फराळाचे डबे घासत होती. तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. रत्नाबाईचे हात चिंचेने चिकट झाले होते, म्हणून तिने ते वरच्या वर धरले आणि कोपरानेच पोरीचे केस मागे सारले.

"मंग त्या डोंगरावर तुमची मोठी दुर्बीण आहे न," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिची कलई कोन काढते?"